बिनलायसन्सची ई-बाइक घेताय? आधी सीटखालची वायर बघा

साताऱ्यात पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे जाताना चढ लागतो. माझी सगळी भानगड त्या चढावर सुरू झाली.

लेक अकरावीला, वय सोळा पूर्ण. घर गोडोलीत, क्लास वर राजपथावर. रोजचं रिक्षाचं भाडं झेपेना म्हणून बॅटरीवरची छोटी स्कूटर घेतली. दुकानदार म्हणाला, "लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको. निवांत चालवू द्या पोरीला." तेव्हा ते मला खरंच वाटलं. गाडी सपाटीला गुमान चालायची. पण मैत्रीण मागं बसली की चढावर धापा टाकायची. तक्रार घेऊन दुकानात गेलो तेव्हा त्यानं सीट उचलली, कंट्रोलरपासून (मोटरला किती वीज सोडायची ते ठरवणारा डबा) निघालेल्या दोन बारीक पांढऱ्या वायरींची एकमेकांत खोचलेली पिन उपटली आणि म्हणाला, "आता पळतीया का न्हाय बघा." अर्ध्या मिनिटाचं काम. पैसेसुद्धा घेतले नाहीत. मला वाटलं, भला माणूस आहे.

महिनाभरानं पोवई नाक्यावर वाहतूक पोलिसानं लेकीला थांबवलं. गाडी मधल्या स्टँडवर लावून त्यानं अ‍ॅक्सिलरेटर पिळला आणि काट्याकडं बघत तिला विचारलं, "ही पंचवीसची गाडी व्हय?" मग मला फोन आला. तिथं उभं राहून जे ऐकलं आणि पुढच्या दोन महिन्यांत जे वाचलं, विचारलं, ते खाली लिहितोय. सुदैवानं त्या दिवशी समज देऊन सोडलं. पिन त्यांच्यासमोरच परत खोचली.

१. आधी हे ठरवा: तुमची गाडी कायद्यानं "मोटार वाहन" आहे का?

बाजारात विजेवरच्या दुचाकी दिसायला सारख्या, पण कायद्याच्या नजरेत त्यांच्या दोन जाती आहेत. एक, पासिंगची: हिरवी नंबरप्लेट, आरसी, विमा, लायसन सगळं लागतं. दुसरी, जिला यातलं काहीच लागत नाही. ही दुसरी जात केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम २(यू) मधून येते. तिथं म्हटलंय की बॅटरीवरची दुचाकी पुढच्या अटींत बसत असेल तर ती मोटार वाहन मानली जाणार नाही:

- मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी.
- कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी.
- बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोपेक्षा जास्त नाही.
- नीट ब्रेक, पुढं पांढरा आणि मागं लाल रिफ्लेक्टर.

पायडल मारायच्या ई-सायकलला आणखी एक अट: वेग वाढेल तशी मोटरची मदत कमी होत जाऊन ताशी २५ ला ती पूर्ण बंद व्हायला हवी, आणि पायडल थांबवलं तर त्याआधीच.

इथं लोक हमखास चुकतात. त्यांना वाटतं, वेग पंचवीसच्या आत असला की झालं. तसं नाही. वेग, शक्ती आणि वजन तिन्ही एकाच वेळी बसायला हवं. वेग पंचवीसला बांधलेला पण मोटर ८०० वॅटची, अशी गाडी बिनलायसन्सची नाही, दुकानाच्या बोर्डावर काहीही रंगवलेलं असो.

"तीस मिनिटांची शक्ती" म्हणजे मोटर न तापता अर्धा तास सलग देऊ शकेल ती शक्ती. सुटताना किंवा छोट्या उंचवट्यावर मोटर काही क्षण जास्त जोर लावते, तेवढ्यानं नियम मोडत नाही.

२. चढ मोजा, मग गाडी निवडा

हे काम मी शेवटी केलं, तुम्ही आधी करा. सांगलीकरांना हा मुद्दा फारसा लागू नाही, त्यांचं शहर ताटासारखं सपाट. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतारावर वसलेलं. समर्थ मंदिर, बोगदा, यवतेश्वरचा घाट, कुठंही जा, चढ आहेच.

हिशेब सोपा आहे. गाडी, बॅटरी आणि माणूस मिळून १६० किलो धरा. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, एवढं ओझं ताशी २५ नं न्यायला साधारण २५० वॅट लागतात. म्हणजे नियमातले दोन्ही आकडे एकमेकांना जुळतात. आता रस्ता सहा टक्क्यांनी चढवा, म्हणजे शंभर मीटरला सहा मीटर. त्याच वेगाला नुसता चढ चढायलाच साडेसहाशे वॅट लागतात, सपाटीचे लागतात ते वेगळेच. २५० वॅटच्या मोटरवर त्या चढाला ताशी सात-आठ किलोमीटर मिळतात, डबलसीट असाल तर त्याहून कमी. यात गाडीचा दोष नाही, ती बनवलीच आहे सपाटीसाठी.

आणि आता गंमत. त्या दुकानदारानं पिन उपटली तरी चढाला काडीचाही फरक पडला नाही. कसा पडणार? ती वायर फक्त सर्वांत वरचा वेग अडवते. चढावर गाडी त्या वेगाच्या आसपासही पोचत नाही, मग अडवणार काय? चढाला लागतो जोर, आणि तो मोटर व कंट्रोलरच्या करंटवर ठरतो. वाढला तो सपाटीचा आणि उताराकडचा वेग, म्हणजे सोळा वर्षांच्या पोरीला ज्याची गरज नव्हती नेमकं तेच. तेव्हा रोजच्या वाटेवर मोठा चढ असेल किंवा डबलसीट जायचं असेल तर बिनपासिंगच्या गाडीच्या नादी लागू नका. थेट पायरी ५ वाचा.

३. दुकानात डोळे उघडे ठेवा

जाताना एकटं जाऊ नका. बिनलायसन्सची गाडी घेताना हे बघा, याच क्रमानं:

चाचणीचा दाखला मागा. या सवलतीत बसणाऱ्या गाडीच्या मॉडेलला केंद्र सरकारनं अधिकार दिलेल्या चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. पुण्याची एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था त्यांपैकी एक. दुकानदाराकडं त्याची प्रत असायला हवी. "कंपनीकडून मागवून देतो" म्हणाला तर पैसेही ती आल्यावरच द्या. प्रत हातात आली की त्यावरचं मॉडेलचं नाव आणि गाडीवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. बऱ्याचदा दाखला एका मॉडेलचा आणि समोर उभी गाडी त्याच्या थोरल्या भावाची असते.

मोटर आणि कंट्रोलरवरचे आकडे वाचा. मोटर बहुतेक गाड्यांत मागच्या चाकाच्या हबमध्येच असते, आकडा तिथं कोरलेला किंवा चिकटवलेला असतो. कोरलेला बरा. चिकटवलेल्या "२५० वॅट"वर माझा आता विश्वास राहिलेला नाही. कंट्रोलर सीटखाली असतो, त्यावर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. दोन्हींचा गुणाकार करा. ४८ व्होल्ट आणि १२ अँपिअर म्हणजे ५७६ वॅट. हा क्षणभराचा कमाल आकडा असतो, म्हणून २५० च्या वर दिसला तरी लगेच घाबरू नका. पण गुणाकार हजार-बाराशेवर गेला तर ती २५० वॅटची गाडी नव्हे, एवढं समजा.

फोन खिशात घालून चक्कर मारा. गाडीच्या मीटरवर जाऊ नका, ते बऱ्याचदा जास्तच दाखवतात. फोनमधलं जीपीएसवरचं वेग दाखवणारं कुठलंही अ‍ॅप चालू करा, मोकळ्या सपाट रस्त्यावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन जा आणि परत उलट्या दिशेनंही या, म्हणजे वारा आणि बारीक उतार यांचा हिशेब बरोबर होतो. स्टँडवर चाक हवेत फिरवून दिसणारा वेग खरा नसतो, ओझं नसलं की चाक जोरातच फिरतं. पोलिसाला मी हेच सांगायला गेलो होतो. पण नंतर रस्त्यावर मोजलं तर फोननंही ३६ दाखवले, तेव्हा माझा मुद्दा तिथंच संपला. शिवाय सपाटीला ३६ चा वेग टिकवायला ढोबळमानानं पाचशे वॅट तरी लागतात. म्हणजे त्या मोटरवरचा २५० चा स्टिकरही खोटाच होता.

सरळ विचारा: "स्पीड वायर जोडलेली आहे ना?" दुकानदार हसून "काढून देऊ का?" म्हणाला तर दुसरं दुकान गाठा. काही गाड्यांना वायरीऐवजी हँडलवर एक-दोन-तीन असं बटण असतं, किंवा रिमोटचं एखादं बटण जास्त वेळ दाबलं की कुलूप उघडतं. तिसऱ्या नंबरवर गाडी पंचवीसच्या पुढं जात असेल तर "आम्ही एक नंबरवरच चालवतो" हे कुणी ऐकून घेत नाही. गाडीचा कमाल वेग मोजतात, तुमचा संयम नाही.

बिल पक्कं घ्या. त्यावर मॉडेल, चासी नंबर, मोटर नंबर, बॅटरी नंबर, मोटरची शक्ती आणि कमाल वेग लिहून घ्या. हे शेवटचे दोन आकडे लिहायला दुकानदार कुरकुरतो. तेच तर महत्त्वाचे. मी घेतलं नव्हतं. पुढं भांडायला गेलो तेव्हा "वायर काढायला तुम्हीच सांगितलं होतं" असं उत्तर मिळालं, आणि ते अर्धं खरंही होतं.

४. वायर काढली की काय काय अंगावर येतं

पिन उपटल्या क्षणी गाडी नियम २(यू) च्या बाहेर पडते आणि मोटार वाहन होते. मोटार वाहनाला जे जे लागतं त्यातलं एकही तुमच्याकडं नसतं. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये २०१९ साली दुरुस्ती होऊन दंड वाढले, ते आता असे लागू होतात:

- पासिंग नसलेली गाडी चालवणं: कलम १९२, पहिल्या वेळी २००० ते ५००० रुपये.
- लायसन नसताना चालवणं: कलम १८१, ५००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.
- विमा नसणं: कलम १९६, पहिल्या वेळी २००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.
- मालकानं गाडीत बेकायदा बदल करणं: कलम १८२अ, प्रत्येक बदलामागं ५००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.
- हेल्मेट नसणं: कलम १९४ड, १००० रुपये आणि तीन महिने लायसन निलंबित.

रस्त्यावरच भरून मिटवायची रक्कम राज्य सरकार ठरवतं, त्यामुळं चलनावरचा आकडा थोडा वेगळा दिसू शकतो.

पण यापेक्षा मोठं कलम १९९अ. चालवणारं मूल अठराच्या आतलं असेल तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. त्या मुलाला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लायसन मिळत नाही. पोवई नाक्यावर हे ऐकलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. मोटर खरोखर २५० वॅटची आणि वायर जोडलेली असती तर हेच मूल, हाच रस्ता, आणि गुन्हा काहीच नाही. अर्ध्या मिनिटाच्या, फुकट मिळालेल्या कामाची ही किंमत.

दुकानदार मोकळा सुटतो असं नाही. नियमात न बसणारी गाडी विकणाऱ्यालाही १८२अ खाली गाडीमागं एक लाख रुपये दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. २०२२ साली राज्याच्या परिवहन विभागानं अशा बदललेल्या ई-बाइकविरुद्ध तपासणी मोहीमही काढली होती. पण रस्त्यात अडवली जाते ती तुमची गाडी. त्याचं शटर नव्हे.

आणखी एक थाप मुद्दाम सांगतो: "आत्ता न्या, पुढं लागलंच तर पासिंग करून देऊ." होत नाही. पासिंग होतं ते मोटार वाहन म्हणून चाचणी होऊन मंजूर झालेल्या मॉडेलचं. बिनपासिंगची म्हणून बनवलेली गाडी आरटीओत नेऊन तिला नंबर मिळत नाही.

ब्रेकचंही बघा. ताशी २५ ऐवजी ४५ नं जाणारी गाडी थांबवायला ब्रेकला सव्वातीन पट ऊर्जा जिरवावी लागते, आणि त्या गाडीचे ड्रम ब्रेक बसवलेले असतात पंचवीसच्या हिशेबानं. बोगद्याकडून खाली समर्थ मंदिराकडं येताना हे गणित पायाला कळतं.

५. पासिंगची गाडी घेणार असाल तर

इथं उलट काम सोपं आहे, कारण कागदपत्रांचं जवळजवळ सगळं डीलरच करतो. तुम्ही द्यायचं:

- आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा (भाड्यानं राहत असाल तर भाडेकरार)
- पॅन कार्ड
- फोटो आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर
- कर्ज असेल तर बँकेची कागदपत्रं

डीलरकडून घ्यायचं: विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१, गाडी रस्त्यायोग्य असल्याचा उत्पादकाचा फॉर्म २२, विम्याची पॉलिसी, बिल. नोंदणीचा अर्ज फॉर्म २० वर होतो. त्यावर सही करण्याआधी चासी आणि मोटर नंबर गाडीवर वाकून स्वतः जुळवा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, ते बंधनकारक आहे. बाकीची गोड नावांची कव्हर ऐच्छिक असतात.

पैशांकडं लक्ष ठेवा. बॅटरीवरच्या गाड्यांना नोंदणी शुल्क केंद्रानं २ ऑगस्ट २०२१ पासून माफ केलंय, आणि राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मोटार वाहन करातही सूट आहे. तरी काही ठिकाणी "पासिंग खर्च" म्हणून चार-पाच हजारांची एकच ओळ लावतात. नंबरप्लेट किती, स्मार्ट कार्ड किती, विमा किती, असं सुटं सुटं मागा. सुटं करायला लावलं की रक्कम आपोआप आक्रसते.

नंबर साताऱ्यात एमएच-११, कऱ्हाडकडं एमएच-५०, सांगलीत एमएच-१०. प्लेट हिरवी, अक्षरं पांढरी. पिवळी अक्षरं भाड्यानं धावणाऱ्या गाडीला असतात. पीयूसी लागत नाही. प्लेट बसायच्या आत गाडी घरी न्या म्हणाले तरी नेऊ नका.

६. लायसन

सरकारच्या सारथी पोर्टलवर शिकाऊ लायसनचा अर्ज करा, आधार जोडलेलं असेल तर परीक्षा घरबसल्या देता येते. प्रकार निवडताना "बिनगिअर मोटारसायकल" निवडला तरी ई-स्कूटरला चालतं. पण पुढं कधी गिअरची गाडी चालवायची शक्यता असेल तर गिअरचाच प्रकार घ्या, परत हेलपाटा नको. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं, पक्क्याची चाचणी तीस दिवसांनंतर देता येते. आम्ही लेकीचे अठरा पूर्ण होईपर्यंत थांबलो.

आरसी, लायसन, विमा डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर ठेवा. ते कायद्यानं ग्राह्य आहे. कागद पावसात भिजवायची गरज नाही.

७. मग रस्त्यावर वेग किती?

पासिंग झालेल्या ई-बाइकला वेगळी अशी वेगमर्यादा नाही. पेट्रोलच्या दुचाकीला जी, तीच. केंद्राच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत दुचाकीला चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर ८० आणि शहरात ६० असे कमाल आकडे दिले आहेत. पण रस्त्याकडेच्या फलकावर ३० लिहिलं असेल तर ३०च. शाळेपुढं, घाटात, पुलावर फलकच बघायचा.

चार वर्षांखालचं मूल मागं बसवलं असेल तर ताशी ४० ची मर्यादा आहे, मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा लागतो, आणि नऊ महिन्यांवरच्या अशा मुलाला हेल्मेटही. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. साताऱ्यात असा पट्टा लावलेला मी आजवर एकदाच पाहिलाय.

पंचवीसच्या गाडीवाल्यांनो, हायवेवर जाऊ नका. वाढे फाटा ते शेंद्रे मागून ट्रक ऐंशीनं येत असतो आणि तुम्ही त्याच्यासाठी जवळजवळ उभेच असता. सर्व्हिस रोड घ्या, लांब पडला तरी.

८. धडक झालीच तर

"मोटार वाहन नाही" याचा अर्थ जबाबदारी नाही असा नाही. बेदरकार चालवण्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ कुठल्याही वाहनाला लागू होतं, सायकललासुद्धा. बिनपासिंगच्या गाडीला थर्ड पार्टी विमा नसतो. त्यामुळं समोरच्याचा पाय मोडला तर त्याचा दवाखाना तुमच्या खिशातून. वायर काढलेली निघाली तर त्यात पायरी ४ मधली सगळी कलमं वर. म्हणून निदान स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा काढा आणि हेल्मेट घाला. पंचवीसच्या गाडीला हेल्मेटची सक्ती नसली तरी डोकं तेच असतं.

लेक आता हिरव्या पाटीच्या गाडीनं जाते. जुनी छोटी स्कूटर वडील वापरतात. तिची मोटर मी खरोखरच्या २५० वॅटची बसवून घेतली, पिन जागेवर आहे आणि तिच्यावर इन्सुलेशन टेपचे चार वेढे आहेत. गोडोलीतून भाजी आणायला नि शिवमंदिराकडं जायला त्यांना ती पुरते. राजवाड्याला जायचं म्हणाले की रिक्षा.